धूळ बसवणारा माणूस

पॅरिसच्या त्विलरी बागेचं अठराव्या शतकातलं एक चित्र बरीच वर्षं माझ्या मनात घर करून आहे. चित्र म्हणजे एचिंग: तांब्याच्या पत्र्यावर रेघांनी काढलेलं आणि काळ्या शाईत छापलेलं. एकाच पत्र्यावर एकाखाली एक अशी दोन आडवी दृश्यं. वरच्या दृश्यात उंच झाडांखाली खुर्च्या आहेत आणि हवा खायला आलेली मंडळी आहेत. खालच्या दृश्यात तशाच झाडांखालून पाण्याचं पिंप चाललंय. वाटेवरची धूळ बसावी म्हणून पाणी मारायचं काम चालू आहे. चित्रकाराचं नाव गाब्रिएल द सँतोबँ, साल १७६० च्या सुमाराचं. मोठ्या संग्रहालयांनी आता असे छापे आपापल्या संकेतस्थळांवर सगळ्यांसाठी खुले करून ठेवलेत. हवं तेवढं मोठं करून रेघ न् रेघ बघता येते.

निवांत बागांची चित्रं जगात पुष्कळ आहेत. तळं, तळ्यावर एखादा पूल, पाण्यात वाकलेली झाडं, आणि माणूस औषधालाही नाही. अशा चित्रांतली शांतता मला कधी फारशी भिडली नाही. माणूसच नसेल तर शांत असायला काय लागतं? सँतोबँच्या बागेत माणसं भरपूर आहेत आणि तरीही ती निवांत आहे. हे त्याने कसं साधलं असेल, या कुतूहलापोटी मी ते चित्र पुन्हा पुन्हा बघत आले. बघता बघता माझी नजर वरच्या खुर्च्यांवरून खालच्या पिंपावर जाऊन ठरायला लागली. वरची मंडळी सुखाने बसलीत, कारण खाली कुणीतरी पाणी मारतंय. चित्रकाराने दोन्ही गोष्टी एकाच पत्र्यावर, सारख्याच मापाच्या चौकटीत काढल्या. मला हे फार मोलाचं वाटतं.

सँतोबँ १७२४ साली पॅरिसमध्येच जन्मला. वडील राजाच्या पदरी भरतकाम करणारे. थोरला भाऊ शार्ल-जर्मँ भरतकामाचे नमुने काढणारा, पुढे या कलेवर पुस्तक लिहिणारा. धाकटा ओग्युस्तँ तांब्यावर कोरणारा, त्या धंद्यात नाव कमावलेला. रेघेचं वळण घरातच होतं म्हणायचं. पण मोठा चित्रकार व्हायचं तर त्या काळी एकच राजमार्ग होता. बायबल, पुराणकथा, इतिहास यांतले प्रसंग रंगवायचे, राजाच्या चित्रकला अकादमीचं रोमचं पारितोषिक मिळवायचं आणि इटलीला जायचं. सँतोबँने १७५० नंतरच्या काही वर्षांत त्यासाठी जिवापाड प्रयत्न केले. पारितोषिक मिळालं नाही. १७५२ साली ते फ्रागोनार या त्याच्याहून तरुण चित्रकाराने पटकावलं.

फ्रागोनार रोमला गेला आणि १७६० च्या उन्हाळ्यात रोमजवळच्या तिवोलीतल्या व्हिला देस्ते या वाड्यात राहून त्याने तिथल्या बागेची चित्रं काढली. लाल खडूतले ते सरूचे उंच वृक्ष, पडझड झालेले कठडे, पायऱ्यांवर ओघळणारी वेल. ती चित्रं अप्रतिम आहेत, त्याबद्दल दुमत नाही. माणसं मात्र त्यांत अगदी इवलीशी, झाडांचा आकार कळावा म्हणून ठेवल्यासारखी. त्याच सुमारास इकडे सँतोबँ घरापासून चालत जाता येईल अशा बागेत उभा राहून खुर्च्या आणि पाण्याचं पिंप काढत होता. कुणी मला या दोघांतलं एकच चित्र घरी न्यायला सांगितलं, तर मी पिंपाचं नेईन.

रोमचा नाद सुटल्यावर हा माणूस पॅरिसभर हिंडत राहिला आणि दिसेल ते काढत राहिला. रस्त्यावरचे खेळ, नाटकं, आगी, चित्रप्रदर्शनं, लिलाव. लिलावांच्या छापील यादीत चित्राचं नाव असे, त्याच्या शेजारच्या समासात तो त्या चित्राची नखाएवढी नक्कल काढून ठेवी. आज कला-इतिहासाचे अभ्यासक त्या समासांतल्या नकलांवरून हरवलेली चित्रं ओळखतात. कुणाचं चित्र कुठून कुठे गेलं, याचा माग त्या याद्यांवरून लागतो. एवढी नोंद ठेवणाऱ्या माणसाला हयातीत मानमरातब असा मिळालाच नाही. १७८० साली तो वारला. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयाने आणि लूव्रने मिळून त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, ते २००७-०८ साली.

त्याने केलेली एचिंग्ज जेमतेम पन्नासेक असतील. हे माध्यम मी थोडंफार शिकलेली आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

तांब्याचा पत्रा घासूनपुसून आरशासारखा करायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवायचा, त्याला ‘ग्राउंड’ म्हणतात. धुरावर धरून तो थर काळा करायचा, म्हणजे सुईने ओढलेली रेघ तांबूस चमकते आणि दिसते. सुईने तांबं खोदायचं नसतं, फक्त मेण बाजूला सारायचं असतं. त्यामुळे हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. मग पत्रा ॲसिडमध्ये. जिथे मेण निघालंय तिथेच ॲसिड तांबं खातं. पुरेशा झालेल्या रेघा बाहेर काढून वार्निशने झाकायच्या, उरलेल्यांना पुन्हा ॲसिड पाजायचं. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल, तितकी ती छापल्यावर काळी. म्हणजे लांबचं झाड आणि जवळचं झाड यांतला फरक इथे हाताच्या दाबाने पडत नाही, वेळाने पडतो. शेवटी पत्र्यावर सगळीकडे शाई चोळायची आणि वरवरची पुसून घ्यायची. आधी कापडाने, मग शेवटचा हात तळव्याने. तळव्याने पुसताना शाई रेघांतून निघून येता कामा नये आणि मधल्या सपाट जागेवर राहता कामा नये. हे एकदा जमलं तरी पुढच्या छाप्याला जमेलच असं नाही. मग ओलसर कागद, वर जाड बनात, आणि प्रेसमधून ओढायचं. कागद उचलताना डावं उजवीकडे गेलेलं दिसतं, कारण छापा उलटा पडतो. नखांत शिरलेली शाई चांगली दोन-तीन दिवस निघत नाही.

हे सगळं आठवून चित्र पाहिलं की त्या बागेतल्या उन्हाचं वेगळंच अप्रूप वाटतं. झाडांचे पर्णभार रेघांवर रेघा चढवून गडद केलेत. ऊन मात्र काढलेलंच नाही. ऊन म्हणजे जिथे सुई गेली नाही तो कागद. पुसणाऱ्याने ती जागा तळव्याने स्वच्छ राखली म्हणून ऊन पडलं. शाईच्या चित्रात प्रकाश हा राखावा लागतो, आणि तो राखणाऱ्याचा हात चित्रात कुठेच दिसत नाही. सँतोबँने स्वतः पत्रे केले, त्यामुळे राखणं म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाण्याच्या पिंपाकडे त्याचं लक्ष गेलं, त्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आता त्या बागेविषयी. सोळाव्या शतकात कातरीन द मेदिची या राणीने पॅरिसच्या वेशीबाहेर, जिथे कौलांच्या भट्ट्या होत्या तिथे, १५६४ पासून राजवाडा बांधायला घेतला आणि त्याच्यापुढे बाग केली. शंभर वर्षांनी, १६६४ मध्ये, चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे ल नोत्रने ती नव्याने मांडली. ल नोत्रचे आजोबा याच बागेत माळी, वडीलही याच बागेत माळी. मधोमध सरळ रुंद वाट, एका टोकाला गोल हौद, दुसऱ्या टोकाला अष्टकोनी, दोन्ही अंगांना उंच गच्च्या, आणि मध्ये झाडांच्या रांगा. आजही साधारण हीच मांडणी तिथे आहे.

बाग नवी झाल्यावर ती लोकांना खुली ठेवायची की नाही, असा प्रश्न आला. राजाचा मंत्री कोल्बेर म्हणाला, चला, दरवाजे बंद करून येऊ, ही बाग राजासाठी जपली पाहिजे, लोक नासधूस करतील. त्याच्या हाताखाली इमारतींच्या खात्यात शार्ल पेरो नावाचा अधिकारी होता. हाच पेरो पुढे सिंड्रेला आणि लाल टोपीवालीच्या गोष्टी लिहिणारा. हा प्रसंग त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलाय. बागेच्या मोठ्या वाटेवर दोघं चालत असताना पेरो कोल्बेरला म्हणाला, शहरातले लोक या बागेला किती मान देतात त्याची आपल्याला कल्पना नाही. बायका आणि लहान मुलंसुद्धा इथलं एक फूल तोडत नाहीत, हात लावायचंही त्यांच्या मनात येत नाही. विश्वास नसेल तर माळ्यांना विचारा. इथे यायला मिळालं नाही तर लोकांना फार दुःख होईल. कोल्बेर म्हणाला, इथे सगळे रिकामटेकडे येतात. पेरो म्हणाला, आजारातून उठलेले येतात, मोकळी हवा घ्यायला. धंद्याच्या गोष्टी बोलायला येतात, लग्नं जमवायला येतात, आणि जे बोलणं देवळापेक्षा बागेत बोललेलं बरं ते बोलायला येतात. राजांच्या बागा इतक्या मोठ्या असतात, त्या त्यांच्या सगळ्या लेकरांना हिंडता यावं म्हणूनच, असं माझं मत आहे.

कोल्बेर हसला. मग त्याने खरोखरच तिथल्या माळ्यांना बोलावून विचारलं, लोक फार नासधूस करतात का? माळ्यांनी सांगितलं की अजिबात नाही. कोल्बेर बागेत एक फेरी मारून आला, आणि दरवाजे बंद करण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

या प्रसंगात पेरोचं बोलणं देखणं आहेच. माझ्या मनात मात्र ते माळी राहिलेत. मंत्र्यासमोर उभे, हातात कसलंसं अवजार असेल, अंगावर मळके कपडे. नासधूस होते म्हणाले असते तर त्यांचं काम निम्म्याने कमी झालं असतं. गर्दी नाही, पायाखाली तुडवलेली कडेची माती नाही, कागदकपटे नाहीत. रोजचा ताप वाढवणारी साक्ष त्यांनी दिली आणि एका शहराची बाग वाचली. त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही. कोल्बेरचा आणि ल नोत्रचा पुतळा करतात, तो जरूर करावा, पण त्या साक्षीची एखादी पाटी त्या मोठ्या वाटेवर हवी होती असं मला मनापासून वाटतं.

ज्या साली सँतोबँने हा पत्रा केला, ती वर्षं फ्रान्सला अजिबात सुखाची नव्हती. इंग्लंडशी सात वर्षांचं युद्ध चालू होतं. १७५९ मध्ये कॅनडातलं क्वेबेक हातातून गेलं. त्याच वर्षी तिजोरीत इतका खडखडाट झाला की पंधराव्या लुईने आपली चांदीची भांडी वितळवायला टांकसाळीत पाठवली. १७६० च्या सप्टेंबरात माँट्रियल गेलं. १७६१ च्या जानेवारीत पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली, आणि ज्या आठवड्यात पडली त्याच आठवड्यात, १४ जानेवारीला, पानिपत झालं. फ्रेंच पद्धतीने तयार झालेल्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी तिथे मराठ्यांच्या बाजूने लढून संपल्या. मराठी माणसाला १७६१ हा आकडा दिसला की पोटात खड्डा पडतो, त्यामुळे या चित्राचं त्याच सुमाराचं साल मला कधी तटस्थपणे वाचता आलेलं नाही. सगळीकडे असं चाललेलं असताना एका शहरात संध्याकाळी कुणीतरी पिंप भरून वाटांवर पाणी मारत होतं. युद्ध हरतोय म्हणून त्याने ते थांबवलं नाही. ही बेफिकिरी नव्हे. रोज करायच्या कामाला रोज हात घालणं हीसुद्धा एक जात आहे माणसांची, आणि ती जात आहे म्हणून शहरं तगतात.

पाणी मारून धूळ बसवणं हे काय असतं, ते आपल्याला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. सकाळी अंगणात सडा पडायचा, तसंच ते. आमच्या गावात उन्हाळ्यात पालखी यायची, तेव्हा आदल्या संध्याकाळी टँकर येऊन कच्च्या रस्त्यावर पाणी मारून जायचा. आम्ही पोरं त्याच्यामागे पळायचो. मोठी माणसं दाराशी उभी राहून म्हणायची, “चला, रस्ता झाला पालखीचा.” अजून पालखी यायची असायची, पण मातीचा वास सुटला की गावाला उत्सवाची चाहूल लागायची.

आता मी राहते त्या शहरात घराजवळ एक सार्वजनिक बाग आहे. सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास उघडी, दुपारी कुलूप. तिथे एक माळीकाका आहेत. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून ते पाण्याचा पंखा करतात. झाडाला वेगळा, हिरवळीला वेगळा, वाटेला वेगळा. वाटेवर मारताना अंगठा जवळजवळ पूर्ण दाबलेला असतो, म्हणजे पाण्याची अगदी बारीक भुरभुर पडते आणि चिखल होत नाही. बाकावर बसायला येणारे आजोबा आले की ते पाइप खाली करतात, आजोबा पुढे गेले की पुन्हा वर. दोघांत एक शब्द बोलला जात नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, “काका, वाटेवर कशाला पाणी घालता, तिथे तर काही उगवत नाही.” ते म्हणाले, “ताई, दम्याची माणसं येतात इथं. धूळ उडाली तर पुन्हा यायची नाहीत.” पेरोने मंत्र्याला सांगितलेल्या, आजारातून उठून हवा घ्यायला येणाऱ्या माणसांची मला तिथल्या तिथे आठवण झाली.

बाग दुपारी बंद का, असं विचारायला मी एका कार्यालयात गेले होते. तिथे मला सांगण्यात आलं की उघडी ठेवली तर लोक नासधूस करतात, आणि रिकामटेकडे येऊन झोपतात. साडेतीनशे वर्षांनंतरही कोल्बेरचा आक्षेप शब्दशः तोच आहे. दुपारी ज्याला सावलीत पाठ टेकायची असते, तो बहुधा पहाटेपासून राबलेला असतो. त्याला रिकामटेकडा म्हणणं मला पटत नाही. माळ्यांना बोलावून विचारा, असं मी तिथे सांगून आले. अजून कुणी विचारलेलं नाही.

सँतोबँच्या वरच्या दृश्यातल्या खुर्च्या भाड्याच्या होत्या. खुर्चीवर बसायचं तर पैसे मोजायचे, हा रिवाज पॅरिसच्या बागांत थेट विसाव्या शतकापर्यंत चालला. आज त्विलरीत हौदाभोवती हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, त्या फुकट. हवी ती उचलायची, हवी तिथे ओढायची, उन्हात किंवा सावलीत. खुर्ची जमिनीत रोवलेली नसणं ही मला फार सभ्य गोष्ट वाटते. येणाऱ्यावर विश्वास टाकल्याशिवाय कुणी अशी खुर्ची ठेवत नाही.

ज्या राजवाड्यासाठी ही बाग केली, तो वाडा आता नाही. बागेने त्याच्या शेजारी बरंच काही पाहिलं. १ डिसेंबर १७८३ ला इथूनच झाक शार्ल हा शास्त्रज्ञ आणि त्याचा सोबती रोबेर हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात गेले आणि ते पाहायला अफाट गर्दी लोटली. १० ऑगस्ट १७९२ ला राजाचे स्विस पहारेकरी याच झाडांखाली मारले गेले. १८७१ च्या मे महिन्यात पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोरांच्या राजवटीच्या, शेवटच्या दिवसांत वाडा जळाला, १८८३ साली उरलेल्या भिंतीही पाडल्या. बाग तेवढी राहिली.

पण सँतोबँच्या काळी ‘सगळ्यांसाठी खुली’ म्हणजे नेमकं कुणासाठी, हेही बोललं पाहिजे, नाहीतर चित्राशी आपण प्रामाणिक राहत नाही. दरवाजांवर स्विस पहारेकरी असत. सैनिकांना आत सोडत नसत. नोकरांच्या गणवेशातल्या माणसांना सोडत नसत. भिकाऱ्यांना आणि फाटक्यातुटक्या कपड्यांतल्या माणसांना सोडत नसत. बागेचे दरवाजे खरोखर सगळ्यांना उघडत ते वर्षातून एकदा, २५ ऑगस्टला, राजघराण्याच्या संताच्या, सेंट लुईच्या सणाला. पेरोच्या बोलण्यात राजाची सगळी लेकरं होती, पण दारावर त्यांतली निवडून घेतली जात.

मग खालच्या दृश्यातल्या त्या पिंपवाल्याचं काय? तो रोज बागेत होता. कुठल्या झाडाची सावली किती वाजता कुठे पडते, कुठल्या वळणावर धूळ जास्त उडते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण काम संपल्यावर, त्याच कपड्यांत, वरच्या दृश्यातल्या एखाद्या खुर्चीवर जाऊन बसायची सोय त्याला नव्हती. चौकट ओलांडून वर जाणं चित्रातही शक्य नाही आणि बागेतही नव्हतं. सँतोबँला हे दाखवायचं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. त्याने फक्त दोन्ही चौकटी सारख्या ठेवल्या आणि दोन्हींना सारखीच शाई दिली. १७६० च्या पॅरिसमध्ये एवढं करणारे चित्रकार फार नव्हते.

२५ ऑगस्टला मात्र तो पिंप घरी ठेवून, धुतलेला सदरा घालून, बायकोमुलांना घेऊन आला असेल असं मला वाटतं. मुलांना त्याने आपली वाट दाखवली असेल, आणि खुर्चीला पैसे पडतात म्हणून सगळे हौदाच्या काठावर बसले असतील. त्या दिवशीची बाग सँतोबँने काढलेली बघायला मला फार आवडलं असतं.